अल्फासाहेब, लांडग्यांची बदनामी थांबवा

श्रीयुत अल्फासाहेब,
कळपप्रमुख, अब्जाधीश, उंची सहा फूट चार इंच,
मुक्काम : जवळजवळ प्रत्येक वेअरवुल्फ प्रेमकथा

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल रात्री तुम्ही पुन्हा एकदा दार तोडून आत आलात.

दाराला बेल होती. नायिका जागी होती आणि शेजारच्या मुलाने आणून दिलेला पिझ्झा खात होती. एवढ्यावरून तुमच्या नाकपुड्या फुलल्या, डोळे सोनेरी झाले, त्या मुलाला भिंतीवर आपटून झाले आणि मग तुम्ही तुमचे ठरलेले भाषण केलेत. ते एकाच शब्दाचे आहे : ‘माझी!’ त्यानंतर ती तुमच्या खांद्यावर, तुम्ही जंगलाच्या वाटेवर, आणि पुढचा भाग उघडायला मी आणखी काही नाणी मोजायची. तिची सकाळी आठची शिफ्ट होती, हे कोणाच्याच लक्षात राहिले नाही. लेखिकेच्यासुद्धा.

मी या कथांची जुनी गिऱ्हाईक आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही मला अभिरुचीच्या नावाने नाक मुरडणारी कोणी समजाल आणि पत्र न वाचताच फाडाल. पौर्णिमा, धुके, देवदारांचे रान, कातडीखाली दुसरेच काही घेऊन वावरणारा माणूस, आणि याच्या प्रेमात पडावे की पळ काढावा या विचारात पडलेली शहाणी बाई, हे सगळे मला मनापासून आवडते. भूक, राग, लाज, स्वतःच्याच शरीरावरचा ताबा सुटण्याची भीती यांबद्दल बोलायला वेअरवुल्फइतके चांगले निमित्त कथेला क्वचितच मिळते. तेव्हा तक्रार लांडग्याबद्दल नाही. तुमच्याबद्दल आहे.

तुमची गाठ अजून न पडलेले काही भाग्यवान वाचक असतील, त्यांच्यासाठी थोडा परिचय. कळपातला सर्वांत दांडगा नर म्हणजे तुम्ही, अल्फा. तुमच्या हाताखाली बीटा. सगळ्यांत खालच्या पायरीवर ओमेगा. ती बहुधा नायिका असते आणि कळपाची भांडी घासत असते. काचेच्या उंच इमारतीत तुमची कंपनी असते. ती नेमके काय बनवते, हे कोणी ठरवलेले नसते. तुमची जोडीदार चंद्रदेवीने आधीच नेमून ठेवलेली असते आणि वासावरून तुम्ही तिला ओळखता. मग दोनच वाटा उरतात. एक, तिच्या मानेवर चावून मालकीची खूण करायची. दुसरी, ‘तू माझ्या लायकीची नाहीस’ म्हणून तिला भर कळपात झिडकारायचे, आणि ती दुसऱ्या कोणाबरोबर हसताना दिसली की पुन्हा हक्क सांगायला धावत जायचे. गॅलाटिया ॲपवरची सापिर एंगलार्ड यांची ‘द मिलेनियम वुल्व्ह्ज’ घ्या, नाहीतर रीलशॉर्टवरची मिनिटा-दोन मिनिटांच्या भागांची ‘फेटेड टू माय फॉरबिडन अल्फा’ घ्या. तुमचे नाव बदलते, जबडा तोच.

तुमच्या बाजूने वकीलपत्र घेतो तो तुमच्या आत राहणारा लांडगा. मित्राचा हात मोडला? मी नाही हो, लांडग्याने. तिचा फोन तपासला? लांडगा बेचैन होता. (लांडग्याला पासवर्ड कसा कळला, हे विचारायचे नाही.) तीन दिवस खोलीत कोंडून ठेवले? तिच्याच सुरक्षेसाठी, आणि शिवाय लांडगा ऐकेना. नवल असे की हाच अनावर लांडगा भागधारकांच्या सभेत, बँकेच्या साहेबापुढे आणि तुमच्याहून थोराड अशा शेजारच्या कळपप्रमुखासमोर शेपूट आवरून शहाण्यासारखा बसतो. त्याचा ताबा सुटतो तो नेमका घरात, नेमका तिच्यासमोर. हा प्राणी आमच्या ओळखीचा आहे, साहेब. आमच्याकडे स्थळ सांगून येते तेव्हा मुलाची मावशी आवाज उतरवून सांगते, ‘जरा तापट आहे, पण मनाने चांगला आहे.’ तोही ऑफिसात कधी तापत नाही.

चंद्रदेवीबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. देवादिकांशी वैर नको. एवढेच म्हणते की आमच्याकडे पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण तरी जुळतात का ते बघतात, आणि अलीकडे मुलीलाही विचारतात.

पण तुमचा खरा आधार देवी नाही, ‘निसर्ग’ आहे. ‘आम्ही लांडगे असेच असतो. बलवान तो राज्य करतो, दुर्बल तो मान झुकवतो.’ कथेतल्या कळपाची सगळी इमारत या एका विटेवर उभी आहे, म्हणून ती वीट कुठून आली ते पाहू. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहापर्यंत लांडगे, एका कुटुंबातले नव्हेत, आणि त्यांना राहायला जागा दहा मीटर बाय वीस मीटर. पळायला वाट नाही, शिकार नाही, जोडीदार शोधायला दुसरे रान नाही. ते भांडले. न भांडून करतील काय? त्या भांडणांतून श्रेष्ठ-कनिष्ठाची उतरंड निघाली आणि तिच्या वरच्या टोकाला अल्फा बसला. त्या पिंजऱ्यातही वरच्या पायरीवर एक नर आणि एक मादी असे दोघे होते. मादीला तुम्ही वाटेत कुठे सोडलेत, ते तुम्हालाच ठाऊक.

1970 साली डेव्हिड मीच या अमेरिकन शास्त्रज्ञाचे ‘द वुल्फ’ हे पुस्तक आले आणि तुमचे नाव घरोघरी गेले. पुस्तक अभ्यासपूर्ण होते, खूप खपले. मग हाच मीच 1986 पासून दर उन्हाळ्यात कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, मोकळ्या लांडग्यांच्या शेजारी जाऊन राहू लागला. तिथे त्याला जे दिसले ते त्याने 1999 साली एका शोधनिबंधात मांडले. कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची वर्षा-दोन वर्षांची पोरे. आई-बाप पुढे असतात कारण ते आई-बाप आहेत. पोरे वयात आली की घर सोडतात, जोडीदार गाठतात, दुसरीकडे संसार मांडतात. गादीसाठी झुंज? तेरा उन्हाळ्यांत त्याने एकही पाहिली नाही. आपल्याच पुस्तकाची छपाई थांबवा म्हणून हा गृहस्थ पुढे प्रकाशकाच्या मागे लागला आणि अखेर 2022 साली ती थांबली. म्हणजे तुमच्या जन्मदाखल्यावर ज्याची सही होती त्यानेच तो रद्द करून घेतला. तुम्ही मात्र त्याची झेरॉक्स दाखवत अजून फिरता आहात.

आता खऱ्या लांडग्याची गोष्ट सांगते. खुर्चीत नीट बसा. हिच्यात दार तुटत नाही.

1995 च्या जानेवारीत कॅनडातून लांडगे आणून अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पुन्हा वसवायला सुरुवात झाली. त्यांना नावे नव्हती, क्रमांक होते. त्यांतला आठ क्रमांक हा भावंडांत अंगाने सगळ्यांत लहान. दांडगे भाऊ त्याला येता-जाता लोळवत. दहा क्रमांकाच्या नराला त्याच वसंतात माणसाने गोळी घातली आणि त्याची जोडीदार, नऊ क्रमांक, आठ पिल्लांसह एकटी पडली. त्या शरद ऋतूत हा लहानखुरा आठ, स्वतः जेमतेम दीड वर्षाचा, त्या विधवेच्या कुटुंबात गेला आणि दुसऱ्याची पिल्ले आपली म्हणून वाढवू लागला. त्या आठ पिल्लांतला एक पुढे एकवीस क्रमांक म्हणून जगभर गाजला. रिक मॅकिन्टायर या निरीक्षकाने वर्षानुवर्षे पहाटे उठून, दुर्बिणीला डोळा लावून त्याची दिनचर्या टिपली आणि 2020 साली त्याच्यावर अख्खे पुस्तक लिहिले.

एकवीस तुमच्याहून कितीतरी बलवान होता. दुसऱ्या टोळीशी गाठ पडली तर लढे आणि जिंके. पण हरलेल्याला त्याने कधी मारले नाही. पाडायचे आणि सोडून द्यायचे. घरी आल्यावर पिल्लांशी कुस्ती खेळायचा आणि मुद्दाम हरायचा. एवढेसे पिल्लू छातीवर चढून गुरगुरतेय आणि प्रदेशातला सर्वांत थोर नर चारी पाय वर करून पडलाय, असे ते दृश्य. कळपात एक आजारी पिल्लू होते, इतर पिल्ले त्याच्यापासून लांब राहत. एकवीस शिकारीवरून परतला की त्याला शोधून काढायचा आणि त्याच्याजवळ बसायचा. त्याची जोडीदार बेचाळीस. तिची बहीण, चाळीस क्रमांक, हिने तिला वर्षानुवर्षे छळले होते. 2000 साली कळपातल्या माद्यांनी त्या बहिणीचा निकाल लावला, आणि बेचाळीसने काय केले? तिची पोरकी पिल्ले आपल्या पिल्लांत आणून वाढवली. पुढच्या वर्षी तो कळप सदतीसवर गेला. बेचाळीस 2004 च्या सुरुवातीला मेली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात एकवीसचा देह उंच डोंगरमाथ्यावर एकटा सापडला.

तुमची आणि त्याची तुलना मी करत नाही. त्याच्या अंगावर ती शोभणार नाही.

इतक्या लांब जायचे नसेल तर आमच्या पुणे-सोलापूरकडच्या माळरानावर या. तिथला लांडगा अंगाने सडपातळ, रंगाने वाळल्या गवतासारखा. मादी बिळात पिल्लांजवळ असते तेव्हा नर रात्र रात्र चालून खायला आणतो आणि पोटातले उलटून पिल्लांना भरवतो. प्रेमकथेत हे सुंदर दिसणार नाही, कबूल. पण बाईच्या शिफ्टची आठवण ठेवणारा नर तो हाच.

‘पण वाचकांना मीच हवा असतो,’ असे तुम्ही म्हणणार, आणि स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेकडे बोट दाखवणार. दाखवा. 2005 ते 2008 या चार वर्षांत त्या चार कादंबऱ्यांनी तुमच्या पिढीला शाळेत घातले. तिसऱ्या भागात वेअरवुल्फ जेकब नायिका बेलाचे जबरदस्तीने चुंबन घेतो. ती त्याला ठोसा मारते आणि तिचाच हात मोडतो. तिचे वडील पोलीसप्रमुख. त्यांना मुलाचे कौतुक वाटते. कळपप्रमुख सॅमचा एकदा राग अनावर झाला तेव्हा त्याची प्रेयसी एमिली फार जवळ उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जन्माचे व्रण राहिले, आणि कळपातल्या सगळ्यांना मफिन भाजून घालण्याचे कामही तिच्याकडेच राहिले. ‘फार जवळ उभी होती’ हे स्पष्टीकरण आमच्या कौटुंबिक न्यायालयांतही ऐकू येते. चौथ्या भागात जेकबचा आयुष्यभराचा जीव नुकत्याच जन्मलेल्या मुलीवर जडतो, आपोआप, इलाज नाही. पिल्लाच्या मनावर पहिल्या दर्शनाचा असा ठसा उमटतो हे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झने 1930 च्या दशकात दाखवून दिले होते खरे, पण हंसाच्या पिल्लांवर, आणि ती पिल्ले आई समजून त्याच्या मागे चालली होती. लांडग्यांचा त्यात काही हात नव्हता. जेकब ज्या जमातीचा दाखवला आहे ते क्विलेट हे वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरचे खरेखुरे आदिवासी लोक. त्यांच्या मूळकथेत लांडग्यांपासून माणसे घडतात. नवजात मुलीवर हक्क सांगणारे त्यांच्या कथेत कोणी नाही. ती भर कादंबरीची.

तुमची परंपरा फार जुनी आहे असाही तुमचा समज आहे. तोही काढून टाकते. बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीने ‘बिस्क्लाव्रे’ नावाची कथा लिहिली. तिचा नायक ब्रिटनीतला सरदार. आठवड्यातले तीन दिवस लांडगा होतो. बायको त्याचे कपडे पळवायला लावते, त्यामुळे तो माणसात येऊ शकत नाही. शिकारीला आलेला राजा दिसतो तेव्हा हा लांडगा गुरगुरत नाही. त्याच्या पायाचे चुंबन घेऊन दया मागतो. राजवाड्यात इतक्या रीतीने वागतो की सगळे थक्क होतात. शेवटी कपडे परत मिळतात तेव्हा तो सर्वांसमोर रूप बदलायला तयार होत नाही. त्याला आडोसा हवा असतो. संकोची वेअरवुल्फ! त्याने बायकोचे नाक चावून तोडले हेही खरे, ते मी झाकणार नाही. पण त्या दिवशी दरबारातल्या एका शहाण्याने विचारले की हा एवढा सौम्य प्राणी हिच्यावरच का धावला, आणि चौकशी झाली. तुमच्या कथांत चौकशी होत नाही. लग्न होते.

आता वाचकांचे. तुमच्यावर जीव टाकणाऱ्या वाचकांना मी नावे ठेवणार नाही. दिवसभर सगळ्यांचे सगळे सांभाळून लोकलमध्ये चौथी सीट मिळवणाऱ्या बाईला, कोणीतरी आपल्यासाठी दार तोडावे असे पंधरा मिनिटे वाटले तर बिघडले काय? पुस्तक मिटता येते, हे तिला पक्के ठाऊक असते. तिची कल्पना तिच्या ताब्यात असते. तुमच्या नायिकेचे मात्र काहीच तिच्या ताब्यात नसते. माझे भांडण ‘अल्फा नसेल तर धग नाही’ या तुमच्या जाहिरातीशी आहे. ती खोटी आहे, आणि ती खोटी ठरवणारी पुस्तके दुकानात आहेत.

केली आर्मस्ट्राँगच्या 2001 च्या ‘बिटन’मध्ये वेअरवुल्फ क्लेटन नायिका एलेनाला न विचारता चावतो, आणि लेखिका या गोष्टीला प्रेम म्हणत नाही. एलेनाचा राग वर्षानुवर्षे टिकतो, कळप सोडून ती टोरांटोला जाऊन राहते. शेवटी ती त्याच्याकडेच परतते, हे मला अजून पचलेले नाही. पण पुढच्या भागांत कळपाची प्रमुख तीच होते, म्हणून थोडे सोडून देते. टी. जे. क्लूनच्या ‘वुल्फसाँग’मधला ऑक्स हा गॅरेजमध्ये काम करणारा, शब्दांना अडखळणारा मुलगा, लोक त्याच्यापाशी येतात ते त्याच्याजवळ सुरक्षित वाटते म्हणून, आणि त्यातूनच तो प्रमुख होतो. त्या पुस्तकालाही रडण्याचा सोस फार आहे, ते असो. गेल कॅरिजरच्या ‘द सुमेज सोल्यूशन’मध्ये नायक कळपातला दुसऱ्या क्रमांकाचा, धिप्पाड आणि कमालीचा धीराचा, समोरचा कडवट बोलतो तेव्हा हा थांबतो, ऐकतो. थांबणे इतके मादक असू शकते हे तुम्हाला कोणी शिकवलेच नाही.

आणि अली हेझलवूडची 2024 ची ‘ब्राइड’. तिचा नायक लो हा तुमच्याच हुद्द्याचा, अल्फा. धाकट्या बहिणीला तोच वाढवतोय. मिझरी ही व्हँपायर मुलगी राजकीय तडजोड म्हणून त्याच्याशी लग्न करून घरात येते. हीच आपली नेमलेली जोडीदार, हे त्याला कळते. मग तो काय करतो? गप्प बसतो. सांगितले तर तिच्यावर ओझे पडेल, म्हणून. अख्खी कादंबरी त्या संयमावर तापत जाते. हुद्दा तोच, दात तेच, पौर्णिमा तीच. एकच गोष्ट नाही : ती त्याची मालमत्ता आहे, असा समज.

हिंदी सिनेमालाही हे जमले, याची तुम्हाला लाज वाटावी. 2022 च्या ‘भेडिया’त अरुणाचलच्या जंगलातून रस्ता काढायला गेलेला कंत्राटदार लांडगा होतो आणि त्याची पहिली प्रतिक्रिया घाबरण्याची असते, मालकीची नव्हे. जंगलाची राखण करणारा जुना लांडगा कोण निघतो, ते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगत नाही. तो पुरुष नाही, एवढे पुरे.

तेव्हा साहेब, तुम्ही कथेतून चालते व्हा असे मी म्हणत नाही. तुमचे बाहू चांगले आहेत, राहू द्या. पण यापुढे बेल वाजवा. लांडग्याने जे केले ते तुम्ही केले, असे धरून चला. माफी मागायची असेल तर हिऱ्याशिवाय मागा. चावण्याआधी विचारा, आणि ‘नाही’ आले तर ओठ मिटा. तिच्या मित्रांचे हात शाबूत राहू द्या. हे जड जात असेल, तर राजीनामा द्या आणि कृपा करून जाताना लांडग्याचे कातडे जमा करून जा. ते तुमचे नव्हते.

कळावे. लोभ नसावा.

आपली नव्हे, स्वतःचीच,
एक वाचक

ता. क. (हे अल्फासाहेबांसाठी नाही, वाचकांसाठी.) लांडगा हवा पण हे गृहस्थ नकोत, अशी तुमची स्थिती असेल तर रेचल हॅरिसनच्या 2022 च्या ‘सच शार्प टीथ’पासून सुरुवात करा. तिच्यात गरोदर जुळ्या बहिणीच्या मदतीला गावी आलेल्या रोरीलाच जनावर चावते; लांडगा ती होते, भूक आणि राग तिचा असतो, आणि तिच्यावर प्रेम करणारा इअन हा जुना मित्र साधा, सज्जन माणूस आहे.